सहा आठवडे झाले, काटा हलत नाही पण परकराची नाडी आत आली, हे नक्की काय चाललंय?

पाऊलवाट (रविवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, आत्तापर्यंत नुसतं वाचत होते. वय ४३, उंची १५७ सेंमी, राहायला डोंबिवली, रोज लोकलने ठाण्याला जायचं आणि दिवसभर खुर्चीत बसून काम. थायरॉइडची गोळी चालू आहे, दोन महिन्यांपूर्वी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) केला तो नॉर्मल होता, डॉक्टर म्हणाल्या आता वजनाकडे बघा.

तर सहा आठवड्यांपूर्वी सुरुवात केली. चहातली साखर बंद, रात्रीचा भात बंद, दुपारी दोन पोळ्यांच्या जागी एक भाकरी, भाजी-आमटी भरपूर, सकाळी ४० मिनिटं चालणं आणि आठवड्यातून तीनदा यूट्यूब बघून घरीच व्यायाम. दर शनिवारी सकाळी वजन. सुरुवातीला ७८.६ होतं. पहिल्या आठवड्यात ७६.८!! इतका आनंद झाला की बहिणीला फोन करून सांगितलं. आणि मग ७६.९, ७६.३, ७७.१, ७६.४ आणि काल ७६.३. म्हणजे पाच आठवडे मर मर चालून अर्धा किलो. काल काट्यावरून उतरले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले, खरं सांगते.

आता गंमत बघा, आज लग्नाला जायचं होतं म्हणून साडी नेसले तर परकराची नाडी नेहमीच्या जागी बांधली आणि परकर खाली सरकला. दोन बोटं आत घ्यावी लागली. निऱ्या नेहमी सहा येतात त्या सात आल्या. आणि लग्नात काकू भेटल्या त्या म्हणाल्या, "अगं चेहरा किती उतरलाय तुझा, बरं नाही का?" म्हणजे लोकांना दिसतंय, नाडीला कळतंय, मग काट्याला का कळत नाही? काटा बिघडलाय का? बदलून आणू का? का मी काहीतरी चुकतेय? सोडून द्यावंसं वाटतंय.

कोथिंबीरवडी (रविवार, रात्री ११:०५)

सोडू नको गं!! काटा बिघडला नसेल. पाण्याने भरलेली बाटली घे, एक लिटरची, हातात धरून उभी राहा, बरोब्बर एक किलो जास्त दाखवला तर काटा ठीक आहे. आणि जमिनीवर फरशी सपाट आहे तिथेच ठेव, पायपुसण्यावर नको.

सह्यमित्र (रविवार, रात्री ११:३०)

पाऊलवाट, आधी पहिल्या आठवड्यातल्या १.८ किलोबद्दल बोलू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. ती चरबी नव्हती, निदान बरीचशी नव्हती. आपण जो भात-पोळी-साखर खातो त्यातली काही शरीर स्नायूंमध्ये आणि लिव्हरमध्ये ग्लायकोजेन म्हणून साठवून ठेवतं, सगळं मिळून साधारण अर्धा किलो असतं, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीन-एक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. तुम्ही साखर आणि रात्रीचा भात बंद केलात, साठा थोडा रिकामा झाला, पाणी निघून गेलं. शिवाय पोटातल्या अन्नाचंही वजन कमी झालं. म्हणून पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं वजन झपकन उतरतं आणि दुसऱ्या आठवड्यात सगळेच निराश होतात.

आता चरबीचा हिशोब. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. तुम्ही रोज ३०० कॅलरी कमी खात असाल (चालणं धरून) तर पाच आठवड्यांत १०५००, म्हणजे १.३-१.४ किलो चरबी जायला हवी. काटा अर्धा किलो दाखवतोय. मधला ८००-९०० ग्रॅमचा फरक पाण्याने सहज झाकला जातो, कारण कुणाचंही वजन एका दिवसात एक-दीड किलो वरखाली होतंच. आठवड्यातून एकदा बघितलं की तो एकच दिवस नशिबाचा खेळ होतो. रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा, लिहून ठेवा आणि सात दिवसांची सरासरी काढा. सरासरी सरासरीशी ताडून बघा, शनिवार शनिवारशी नाही.

पण एक स्पष्ट विचारतो, राग मानू नका. ३०० कॅलरी खरंच कमी होतायत का? स्वयंपाकाला तेल किती लागतं?

ओसरी (सोमवार, सकाळी ६:५०)

रोज वजन करायला सांगू नका हो सगळ्यांना. मी रोज करत होते तेव्हा दिवस कसा जाणार ते सकाळी सहालाच ठरायचं. काटा वर गेला की सुनेवर चिडचिड, खाली गेला की दुपारी एक लाडू. ज्याला आकडा नुसता आकडा म्हणून बघता येतो त्याने करावं. पोरी, तू रडलीस म्हणजे तू माझ्यासारखी आहेस, तू नाडीवर विश्वास ठेव.

माझं वय ६४, कोल्हापूर. पाच महिन्यांत चार किलो उतरलंय, फक्त चारच. पण गेल्या वर्षी आरतीला मला खुर्ची द्यायचे, यंदा मी खाली मांडी घालून बसते आणि हात न टेकता नाही पण एकच हात टेकून उठते. हाताच्या बोटातली अंगठी जी साबण लावून निघायची ती आता आपोआप फिरते.

देवराई (सोमवार, सकाळी ९:१५)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सांगलीत. ओसरी काकूंच्या गुडघ्यांबद्दल आधी बोलते कारण पेशंटना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात: गुडघ्याची झीज असलेल्या आणि वजन जास्त असलेल्या लोकांवर अभ्यास झाला होता, त्यात असं दिसलं की एक किलो वजन कमी झालं की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चारेक किलोने कमी होतो. म्हणजे काकूंचे चार किलो हे गुडघ्याला पावलागणिक सोळा किलो आहेत. जिन्याच्या पायऱ्या मोजा मग.

पाऊलवाट, तू नवीन व्यायाम सुरू केलास ना? मांड्या, दंड दुखतात का? दुखतात म्हणजे स्नायूंना बारीक इजा झाली आणि ती भरून काढायला शरीर तिथे पाणी साठवतं. हे अगदी नॉर्मल आहे, पण त्या दिवसांत काटा वर जातो. नवीन व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत हे खूप दिसतं.

मात्र "चरबी गेली आणि तेवढाच मसल वाढला" असं जे जिममध्ये सांगतात ते मी तुला सांगणार नाही. चाळिशीत, जेवण कमी करून, घरच्या घरी व्यायामाने सहा आठवड्यांत किलो-दीड किलो स्नायू वाढत नाहीत. थोडे टिकले तरी मोठी गोष्ट आहे, आणि टिकवायचेच आहेत, कारण नुसतं कमी खाल्लं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. त्यासाठी खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला धरून पुशअप, पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन दंडाचे व्यायाम. आणि प्रथिनं. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) निरोगी माणसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम रोज सांगितलंय, आपल्याकडे पातळ आमटी आणि वाटीभर ताक यावर तेही भागत नाही बहुतेकींचं. मटकी, हरभरा, अंडी, पनीर, घट्ट वरण, मासे खात असाल तर मासे. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

अजून एक, चौथ्या आठवड्यात ७७.१ झालं तेव्हा पाळीच्या आधीचे दिवस होते का?

पाऊलवाट (सोमवार, दुपारी १:२०)

देवराई, तुझा प्रश्न वाचला आणि डबा तसाच ठेवून नवऱ्याला फोन करून कालनिर्णयवरची खूण बघायला लावली (आमच्याकडे दूध, गॅस सिलेंडर आणि पाळी तिन्हीच्या खुणा तिथेच असतात). ७७.१ शनिवारी, पाळी सोमवारी!! मला कुणी कधी हे सांगितलंच नाही गं. इतकी वर्षं पाळी येतेय, अंग जड होतं, ब्लाउज घट्ट होतं हे माहितेय, पण ते काट्यावर दिसत असेल हे डोक्यातच आलं नाही.

मांड्या दुखतात, जिना उतरताना जास्तच.

आणि सह्यमित्र, राग नाही आला पण पोटात गोळा आला. तेल मोजलं नाही कधी. घरी आम्ही चौघं, पाच लिटरचा कॅन महिनाभर जातो.

सह्यमित्र (सोमवार, दुपारी २:१०)

५००० मिली भागिले चार माणसं भागिले ३० दिवस, माणशी रोज ४१ मिली. पाच मिलीचे आठ चमचे. साधारण ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या, तेही दिसत नाहीत कारण फोडणीत आणि पोळीला लावण्यात जातात. कॅन निम्म्यावर आणा, अख्ख्या घराला फायदा. दाण्याच्या कुटाचंही तेच, आपण सगळ्यात घालतो, कोशिंबिरीत, भाजीत, आमटीत. २० ग्रॅम कूट म्हणजे ११५-एक कॅलरी. दाणे वाईट नाहीत अजिबात, पण मूठ मोजून.

आणि आषाढीला काय खाल्लं होतं?

पाऊलवाट (सोमवार, दुपारी २:३०)

खिचडी. दोनदा.

कोथिंबीरवडी (सोमवार, दुपारी ३:००)

अगं सगळ्यांनीच खाल्ली. आता श्रावणात वरईचा भात आणि दाण्याची आमटी कर, आमटी जरा पातळ, सोबत काकडी, ताक. साबुदाण्याच्या एका ताटलीत कूट, तूप, बटाटा धरून साडेचारशेच्या आसपास कॅलरी जातात आणि पुन्हा दोन तासांनी भूक.

सॅनहोजेकर (मंगळवार, सकाळी ७:००)

इकडे अमेरिकेत राहते, वय ३६. मला माझी चूक सांगायची आहे कारण पाऊलवाट ज्या टप्प्यावर आहे तिथेच मी ती केली. माझंही पहिल्या महिन्यानंतर अडकलं, मी वैतागून खाणं ८०० कॅलरीपर्यंत आणलं, कुणालाही न विचारता. काटा भराभर उतरला, मी खूश. तिसऱ्या महिन्यात आंघोळ करताना केस मुठीत यायला लागले, उशीवर केस, पोळीत केस. डॉक्टर म्हणाल्या, शरीराला एकदम एवढा धक्का बसला की केस वाढायचे थांबून विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात, म्हणून आपल्याला कारण आणि परिणाम जोडता येत नाही. फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) कमी निघालं. नीट जेवायला लागल्यावर केस परत आले पण सात-आठ महिने गेले त्यात. खूप झपाट्याने उतरवलं की पित्ताशयात खडे व्हायचा धोकाही वाढतो, हेही तेव्हाच कळलं. आता महिन्याला दीड-दोन किलोच्या वर जायचा हट्टच नाही.

अजून एक, माझ्याकडे तो चरबीची टक्केवारी दाखवणारा काटा आहे. तो तळपायातून अगदी सूक्ष्म वीज सोडतो आणि तिला किती अडथळा होतो त्यावरून अंदाज बांधतो. शरीरात पाणी कमीजास्त असलं की अंदाज बदलतो, सकाळी ३८ टक्के आणि रात्री ३५. एका दिवसात तीन टक्के चरबी कशी जाईल? तेव्हा पाऊलवाट, नवीन काटा आणायचे पैसे वाचव, शिंप्याकडे मिळतो तसा साधा टेप घे.

गोदाकाठ (मंगळवार, रात्री ९:४५)

नाशिकहून. वय ५२, शुगर आहे नऊ वर्षं. मी सहसा लिहीत नाही पण एक गोष्ट सांगायलाच हवी, इथे डायबेटिसवाले वाचत असतील म्हणून. मी जेवण कमी केलं आणि गोळ्या तशाच चालू ठेवल्या. माझ्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड हे शुगर उतरवणारं औषध आहे. बाराव्या दिवशी दुकानात उभा असताना दरदरून घाम, हात थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. मुलाने शुगर बघितली तर ६२. ७० च्या खाली म्हणजे कमीच. ग्लुकोज पाण्यात घालून दिलं, पंधरा मिनिटांत सावरलो. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी डोस निम्मा केला आणि म्हणाले, जेवण बदलायच्या आधी यायचं होतं. तेव्हा शुगरची गोळी किंवा इन्शुलिन असेल तर आधी डॉक्टर, मग भाकरी कमी.

बाकी माझं वजन तीन महिन्यांत फक्त तीन किलो उतरलं. पण एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी तपासणी) ८.१ वरून ७.२. बायको म्हणते घोरणं कमी झालंय. तिला झोप लागते आता. वजनाच्या आकड्यात हे कुठे दिसतं?

देवराई (मंगळवार, रात्री १०:२०)

गोदाकाठ दादा, फार महत्त्वाचं लिहिलंत, धन्यवाद.

आकड्यात न दिसण्यावरून आठवलं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन, या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. तोच आकडा आणि दुपटीहून जास्त चरबी! आपण भारतीय लोक दिसायला बारीक असलो तरी पोटात, अवयवांभोवती चरबी साठवतो आणि त्रास तिचाच जास्त असतो, शुगर, बीपी. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन धरतात आणि कंबर बायकांची ८० सेंमी, पुरुषांची ९० सेंमी ही रेघ मानतात. पाऊलवाटच्या नाडीची दोन बोटं त्या रेघेच्या दिशेने गेलीत, मला विचाराल तर सहा आठवड्यांतली ती सगळ्यात मोठी बातमी आहे.

कंबर मोजायची पद्धत: सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड चाचपायचं, दोन्हीच्या मधोमध टेप, कपड्यावरून नाही, श्वास सहज सोडल्यावर. पोट आत ओढायचं नाही. टेप घट्ट नाही, सैल नाही. दोन आठवड्यांतून एकदा पुरे.

पाऊलवाट (मंगळवार, रात्री ११:१०)

मोजली. ९४.५. सुरुवातीची मोजली नव्हती पण परकर तसाच आहे, नाडीवर जुन्या गाठीची सुरकुती अजून स्पष्ट आहे, तिथपर्यंत साडेतीन सेंमी भरतं. म्हणजे नाडीच्या हिशोबाने ९८ च्या आसपास असणार.

काकूंचं "चेहरा उतरलाय" मात्र डोक्यातून जात नाही. आज सासूबाईही म्हणाल्या की गाल बसले, पोट आहे तिथेच आहे, उलटं चाललंय तुझं. आणि हल्ली ऑफिसात एसीची थंडीही जास्त वाजते.

देवराई (बुधवार, सकाळी ८:३०)

चरबी कुठून आधी जाणार हे आपण ठरवू शकत नाही. गाल आणि गळ्यापाशी थोडी गेली तरी लगेच दिसते कारण तिथे मुळात कमी असते. पोटाचे कितीही व्यायाम केले तरी त्यामुळे पोटाचीच चरबी आधी जाते असं होत नाही, स्नायू मजबूत होतात, ते चांगलंच आहे. सासूबाईंना टेप दाखव.

कमी खाल्लं की थंडी थोडी जास्त वाजते काहींना. पण तुला थायरॉइड आहे, त्यामुळे खूपच थंडी, बद्धकोष्ठ, सुस्ती असं एकत्र वाटलं तर पुढच्या टीएसएचची वाट बघू नको, आधीच कर. गोळी उपाशीपोटी घेतेस ना? चहा लगेच नको, अर्धा-एक तास जाऊ दे.

ओसरी (बुधवार, दुपारी १२:१५)

"वाळलीस" म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नको गं. आमच्या पिढीत अंगाने भरलेली म्हणजे खात्यापित्या घरची, बारीक म्हणजे हाल चाललेत. त्या मायेनेच बोलतात. मी काय करते, "डॉक्टरांनी सांगितलंय" एवढंच म्हणते. डॉक्टर म्हटलं की दुसरा लाडू ताटात पडत नाही.

सह्यमित्र (पाच आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:००)

पाऊलवाट, धागा वर काढतोय. काय चाललंय?

पाऊलवाट (रविवार, रात्री १०:१५)

आहे आहे. मुद्दाम थांबले होते, पाळीचं एक चक्र पूर्ण होऊ दे म्हटलं. आता मी पाळी संपल्यानंतरचा आठवडा मागच्या पाळीनंतरच्या आठवड्याशी ताडून बघते. त्या हिशोबाने सरासरी ७६.२ वरून ७४.७. रोज वजन करते पण कागदावर नवराच लिहितो, मी काट्याकडे न बघता उभी राहते आणि रविवारी फक्त सरासरी ऐकते. ओसरी काकू आणि सह्यमित्र दोघांचंही ऐकल्यासारखं झालं ते.

मध्ये एकदा भावाकडे पावभाजी झाली, दुसऱ्या दिवशी ९०० ग्रॅम जास्त, नवऱ्याचा चेहरा बघूनच कळलं. पण आता रडले नाही, बसून हिशोब केला, एका रात्रीत ९०० ग्रॅम चरबी चढायला नेहमीच्या जेवणाच्या वर सात हजार कॅलरी खायला लागतील, मी पाव तीन खाल्ले होते. मीठ होतं ते, आणि मिठाने धरलेलं पाणी. तिसऱ्या दिवशी गेलं.

तेलाचा कॅन आता महिना झाला तरी दीड लिटर शिल्लक आहे. कोणीही जेवताना तक्रार केली नाही, म्हणजे कुणाला कळलंच नाही.

कंबर ९२. एका जुन्या नाडीचा तुकडा कापून कपाटाच्या आत खिळ्याला लावलाय, दर दुसऱ्या रविवारी कंबरेभोवती घेऊन जिथे येईल तिथे पेनाने खूण आणि तारीख. तीन खुणा झाल्यात. गणपतीत मोदक खाणार आहे, उकडीचे, मोजून पण खाणार आहे.

गोदाकाठ (रविवार, रात्री १०:४०)

ताई, नाडीची कल्पना फार आवडली. आमच्याकडे नाडी नाही, दुकानातली सुतळी आहे. आत्ताच मुलाकडून मोजून घेतली, बरगडी आणि हाडाच्या मधोमध, श्वास सोडून. पहिली गाठ मारली. १०१.